बस्टर गेन्सचा सदरा

आज आवाज चढवायचा नाही, असं कॉर्लिस टॉल्बर्टने सकाळी आरशासमोर स्वतःला बजावलं होतं. रविवार होता, चर्चचा दिवस होता, आणि आई चौऱ्याऐंशी वर्षांची होती. शेवटचं भजन संपून माउंट हेब्रन चर्चची मंडळी तळघरातल्या जेवणाच्या हॉलचा जिना उतरत होती, तेवढ्यात तिचा आवाज चढलाच.

"मम्मा, काचेला हात लावू नकोस! कितीदा सांगू?"

"मी कुठं लावला? नुसतं बोट दाखवलं."

"बोट टेकलं आणि पान गेलं. आता सगळं परत पहिल्यापासून."

एर्लीन टॉल्बर्टने जांभळ्या हॅटवरची जाळी सरळ केली आणि मुलीच्या हातातल्या टॅबकडे तुच्छतेने पाहिलं. "ज्या यंत्राला माणसाचं बोट सोसत नाही, ते काय कामाचं?"

कॉर्लिस बर्मिंगहॅमच्या एका सरकारी शाळेत आठवीला इतिहास शिकवायची. गोऱ्यांच्या बेसबॉल संघांनी काळ्या खेळाडूंना दार बंद केलं, तेव्हा काळ्यांनी आपले संघ काढले, आपल्या स्पर्धा भरवल्या. त्या सगळ्या काळाचं एक संग्रहालय होतं आणि त्याने शिक्षकांसाठी इंटरनेटवर मोठा खजिना खुला केला होता. फोटो, नकाशे, तयार धडे. कॉर्लिस ते वर्षभर वापरत होती आणि वर्गातली पोरं चक्क जागी राहत होती. मग संग्रहालयाने तिला विचारलं, तुमच्या वस्तीतल्या एखाद्या खेळाडूवर तुम्हीच एक धडा कराल का? ती हो म्हणाली. तिथेच तिचं चुकलं.

कारण त्यांच्या वस्तीत बेसबॉल म्हटलं की एकच गोष्ट निघायची. सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात ग्रेहाउंड्स संघाच्या बस्टर गेन्सने मारलेला चेंडू मैदान ओलांडून, रस्ता ओलांडून, पोलादाच्या कारखान्यातल्या भट्टीच्या छपरापर्यंत गेला होता. हे केशकर्तनालयात सांगितलं जायचं, दफनाच्या जेवणात सांगितलं जायचं, आणि बस्टर गेन्स नावाचा माणूस कधी जन्मालाच आला नव्हता हेही सगळ्यांना ठाऊक होतं. भट्टीला रविवारची सुट्टी नसायची. पाळी चुकवून खेळायला गेलेल्याचं नाव सोमवारी वर्तमानपत्रात आलं की मंगळवारी त्याची नोकरी जायची. म्हणून संघाने एक खोटं नाव आणि त्या नावाचा एक सदरा ठेवून दिला होता. त्या सदऱ्यात कोण होतं, यावर मात्र वस्तीत दोन तट होते. एकात एर्लीन होती. दुसऱ्यात झेनोबिया प्रुइट.

एर्लीन म्हणायची, बस्टर गेन्स म्हणजे माझे पप्पा, एमॉस बिव्हन्स. झेनोबिया म्हणायची, बस्टर गेन्स म्हणजे माझे वडील, रूबेन स्टॅलवर्थ. दोघींची लग्नं व्हायच्या आधीपासून हे चालू होतं. दोघींचे नवरे वारले, तेव्हा एकीने दुसरीकडे शेंगदाण्याची खीर नेली, दुसरीने पहिलीकडे हॅम नेलं, आणि दोन्ही वेळा दारातच या विषयावरून वाजलं. चर्चमध्ये त्या एकाच बाकावर बसत, मध्ये दोन पर्स ठेवून.

कॉर्लिसला हे सगळं विनोदी वाटलं असतं, आई तिची नसती तर. एमॉस बिव्हन्सला कारखान्याच्या दफनभूमीत पुरलं होतं आणि त्या दफनभूमीवरून पुढे हमरस्ता गेला. नाव कोरलेला दगडही गेला. एर्लीनच्या वडिलांचं नाव जगात कुठेही लिहिलेलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात दवाखान्यातून घरी आल्यावर तिने एकच मागणं मागितलं होतं: "ते संग्रहालयाचं पान निघतंय ना, त्यावर पप्पांचं नाव बघायचंय. मग मला काही नको." आई सहसा काही मागायची नाही, नुसते हुकूम सोडायची. त्यामुळे ते मागणं कॉर्लिसच्या उरावर बसलं होतं.

आणि त्यात ब्राइस. ब्राइस हा संग्रहालयाचं हे काम पाहणारा मुलगा. आपल्यातलाच, अटलांटाला शिकलेला, गुणी, 'मॅडम'शिवाय वाक्य न बोलणारा. त्याच्यावर धड चिडताही येत नसे, हीच मोठी अडचण. गुरुवारी व्हिडिओवर तो म्हणाला होता, "मॅडम, मला खेळाडूचं खरं नाव द्या आणि त्याच्या घरचा नसलेला एक साक्षीदार द्या. नाहीतर हा टोला मला 'दंतकथा' विभागात टाकावा लागेल."

"दंतकथा? अरे, अख्खी वस्ती सांगते!"

"अख्खी वस्ती प्रत्येक गावात सांगते, मॅडम. माझ्याकडे छपरावर गेलेले इतके चेंडू जमलेत की देशात एक छप्पर शाबूत राहायला नको होतं."

"साक्षीदार सगळे वर गेलेत, ब्राइस. प्रभूच्या पायाशी बसलेत. त्यांना व्हिडिओवर कसं आणू?"

"कुणीतरी असेल, मॅडम. सोमवारी धडे शाळांसाठी खुले होणार आहेत."

कॉर्लिसने रात्रीच्या जेवणाच्या ताटावर बसून हिशेब मांडला. त्या काळातलं, अजून शुद्धीवर असलेलं, आणि बिव्हन्स घराण्यातलं नसलेलं असं एकच माणूस वस्तीत उरलं होतं. झेनोबिया प्रुइट. आणि स्टॅलवर्थांच्या बाजूने साक्ष द्यायला, घरचं नसलेलं असं एकच. कॉर्लिसची स्वतःची आई. कॉर्लिसने काटा खाली ठेवला.

म्हणून हा रविवार. म्हणून तळघरातल्या कोपऱ्यातलं टेबल, तळलेल्या माशाचा वास, गोड चहाच्या बरणीला टेकवून उभा केलेला टॅब, आणि समोर दोन म्हाताऱ्या. झेनोबिया आपला पाउंड केक घेऊन आली होती. तिने एर्लीनला तुकडा कापून दिला. एर्लीनने तो खाल्ला, वर आणखी एक घेतला, आणि मग म्हणाली, "लोणी कमी पडलं."

"सिस्टर टॉल्बर्ट, दोन तुकडे खाल्ल्यावर लोणी कमी पडलं हे कळतं होय तुला?"

"मिस झेनोबिया, मम्मा, ऐका." कॉर्लिसने वर्गातला आवाज काढला. "मला तुमचं भांडण मिटवायचं नाहीये. ते येशूलाही जमणार नाही. मला फक्त एक नाव हवंय."

"रूबेन स्टॅलवर्थ," झेनोबिया म्हणाली.

"एमॉस बिव्हन्स," एर्लीन म्हणाली. "तो रूबेन? तो काडीपैलवान? वारा आला की कंबरपट्ट्याला धरून ठेवावा लागायचा त्याला. त्याने भट्टीच्या छपरावर चेंडू मारला?"

"जोर मनगटात असतो, पोटात नसतो. तुझ्या वडिलांना पहिल्या बेसपर्यंत पळवायला खेचर जुंपावं लागलं असतं."

"झेनोबिया!"

"एर्लीन!"

शेजारच्या टेबलावरच्या, चर्चचा कारभार पाहणाऱ्या डीकननी माशाचं ताट उचललं आणि शांतपणे दुसरीकडे जाऊन बसले. त्यांना सवय होती.

कॉर्लिसने विषय बदलायला म्हणून संग्रहालयाच्या पानावर तो सदरा काढला. कुणाच्या तरी माळ्यावरून तो तिथे पोचला होता. राखाडी लोकर, छातीवर धावता कुत्रा. फोटो असा काढला होता की बोटांनी ताणला की धागा न् धागा दिसावा. "बघा तरी," ती म्हणाली, "लांबून बघा, मम्मा, हात मागे!" आणि तिने खांदा मोठा केला. सदऱ्याखालची ओळही तिने वाचून दाखवली. शिक्षकाची खोड, दुसरं काय. "'स्थिती: खराब. खांद्यांच्या शिवणी अकुशल हातांनी वारंवार उसवलेल्या आणि पुन्हा घातलेल्या.'"

"अकुशल?" दोघी एकदम म्हणाल्या.

"माझ्या आईच्या हाताला अकुशल म्हणणारा हा कोण टिकोजीराव?" झेनोबिया उभीच राहिली. "तिने तीन तीन पाद्र्यांचे झगे शिवलेत! बोलव त्याला!"

"तुझ्या आईचा काय संबंध? हे माझ्या आईचं काम आहे. हा बघ पांढरा दोरा, पिठाच्या पोत्याचा, उसवून ठेवायची ती. पप्पांचे खांदे रुंद, सदरा अडकायचा. ती बिचारी दर वेळी शिवण उसवून सैल करायची. आणि दर वेळी सदरा परत यायचा तो कुण्या मेलीने शिवण आत घेऊन आवळलेला असायचा! काय शिव्या द्यायची आई तिला."

झेनोबिया हळूच खाली बसली. टॅबकडे वाकली. पांढऱ्या दोऱ्याच्या शेजारून, त्याच शिवणीत, काळा दोरा गेला होता.

"आत घ्यायची ती माझी आई," ती म्हणाली. "काळ्या दोऱ्याने. वडिलांच्या अंगावर तो नुसता लोंबायचा. आई म्हणायची, कोण ही भवानी, दर खेपेला सदऱ्याचं गोणपाट करून पाठवते."

"भवानी?" एर्लीन म्हणाली.

"मेली?" झेनोबिया म्हणाली.

मग दोघींची डोकी एकाच टॅबवर वाकली. कॉर्लिसने इतकी वर्षं या दोघींना इतकं जवळ पाहिलं नव्हतं, प्रार्थनेतसुद्धा नाही.

"म्हणजे दोघंही बस्टर गेन्स होते," ती म्हणाली. तिला हसू येत होतं आणि संतापही. इतक्या वर्षांची भांडणं, इतके दारातून परत गेलेले हॅम, आणि उत्तर शिवणीत! "आलटून पालटून. पण एक खेळायला गेला की त्याची पाळी कोण करायचं?"

"दुसरा," एर्लीन सावकाश म्हणाली. "एकाच भट्टीवर होते दोघं."

"एक एवढा जाड, एक काडी. मुकादमाला कळायचं नाही?"

झेनोबिया खदखदून हसली. "गोरा मुकादम डोकी मोजायचा, बाळ. तोंडं बघायला त्याला कुणी पगार देत नव्हतं."

एर्लीनही हसली. कॉर्लिसला वाटलं, सुटलो. तिने लगेच कॅमेरा चालू केला, कारण ही वेळ परत यायची नाही. झेनोबियाने मान ताठ केली आणि सांगितलं की एमॉस बिव्हन्सनेही तो सदरा घातला होता, हे आता तिला मान्य आहे. "पण टोला माझ्या वडिलांचा." एर्लीनने रूबेन स्टॅलवर्थविषयी तेच सांगितलं. "पण टोला पप्पांचा."

कॉर्लिसने कपाळावर हात मारला. "अहो, त्या दिवशी सदऱ्यात कोण होतं? मिस झेनोबिया, तुम्ही मैदानावर होता? डोळ्यांनी पाहिलंत?"

"मला गोवर आला होता. वडिलांनी घरी येऊन सांगितलं."

"म्हणजे घरच्याचं ऐकून. ब्राइसला चालणार नाही. मम्मा, तू?"

"मी ऐकला तो," एर्लीन अभिमानाने म्हणाली. "या कानांनी. तुला शंभरदा सांगितलंय."

सांगितलं होतं. कॉर्लिस त्या गोष्टीवरच मोठी झाली होती. उठलेला गलका, पत्र्यावर आदळलेला चेंडू, पप्पांचं हसणं. "मग नीट सांग. सगळं. कॅमेऱ्यात बघून."

एर्लीनने हॅट सारखी केली. "चर्च सुटलं होतं. आईने पांढरा फ्रॉक घातला होता मला, नवा. तिने हातात डबा दिला आणि म्हणाली, तशीच जा, आणि फ्रॉक मळवलास तर बघ. मी फाटकाशी उभी राहिले. पप्पा आले, चेहरा सगळा काजळीने माखलेला, डबा घेतला. तेवढ्यात मैदानाकडून असा गलका उठला की फाटक थरथरलं. आणि मग वर, छपराच्या पत्र्यावर, धाड! काहीतरी आदळलं आणि गडगडत गेलं. पप्पांनी वर बघितलं. इतकं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. 'गेला गं, गेला! पोचला!' म्हणाले, आणि मला कमरेला धरून उचललं आणि..."

ती थांबली.

कॉर्लिसला आधी कळलं नाही. गलका, पत्रा, हसणं, सगळं नेहमीचंच होतं. फाटक मात्र घरातल्या गोष्टीत कधी नव्हतं. डबाही नव्हता. मग तिला कळलं आणि तिने आईकडे पाहायचं टाळलं. पप्पा त्या दिवशी सदऱ्यात नव्हते. भट्टीवर होते.

झेनोबियाला तर आधीच कळलं होतं. तिने आयुष्यभर हेच म्हटलं होतं; आता ते समोर येऊन बसलं होतं आणि तिला ते नकोसं झालेलं दिसत होतं.

"पोर होतीस तू," ती म्हणाली. "कुठला रविवार नि कुठला काय. माझीसुद्धा गल्लत होते. कॉर्लिस, ते पुसून टाक."

"गल्लत नाही," एर्लीन म्हणाली. "फ्रॉकवर पप्पांचे दोन काळे हात उठले होते, कमरेवर, असे. आईने मला धोपटलं. तो नवा फ्रॉक होता, झेनोबिया. एकदाच नवा असतो."

"पुसून टाक म्हणते ना! असं जिंकण्यावाचून माझं काय अडलंय?"

 एर्लीन केकच्या रिकाम्या बशीवरचे कण बोटाने गोळा करत बसली.  कॉर्लिसला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला: ब्राइसचा, त्याच्या नियमांचा, हमरस्ता आखणाऱ्यांचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. नसतं लचांड ओढवून घेऊन तिने म्हातारीच्या हातची एकुलती एक गोष्ट काढून घेतली होती.

आणि मग तिला ब्राइसचा शब्द आठवला. दंतकथा.

तिने तिथूनच त्याला फोन लावला.

"मॅडम, मी आजीकडे जेवतोय," पडद्यावर त्याच्या हातात कोंबडीची तंगडी होती.

"जेव. तोंड चालू दे, कान इकडे दे." तिने त्याला नुकतंच केलेलं चित्रण लावून दाखवलं. ब्राइसची तंगडी ताटात परत गेली.

"मॅडम," तो म्हणाला, "चेंडू छपरावर गेला असं मैदानातून सांगणारे मला ढीगभर मिळतात. छपराखाली उभा असलेला आजवर एकही मिळाला नव्हता. आणि तो खेळाडूच्या घरचा नाही?"

"नाही. त्याच्या जागी पाळी करत होता."

"मग ही दंतकथा राहिली नाही. साक्षीदार म्हणून मिस एर्लीनचं नाव लिहा."

एर्लीनने मान वर केली. "माझं कशाला? मी काय, पोर होते. मला कुणी सांगितलं ते काय होतं? पप्पांनी. वर कुणी बघितलं? पप्पांनी. त्यांचं लिही." तिच्या आवाजात जरा धार परत आली. "आणि पहिलं लिही."

"पहिलं मारणाऱ्याचं येतं," झेनोबिया म्हणाली.

"पत्र्याखाली कुणी नसतं, तर तुझ्या वडिलांनी काय मारलं हे कुणाला कळलं असतं?"

"आणि मारलाच नसता तर तुझ्या वडिलांनी काय ऐकलं असतं? भट्टीची फुसफुस?"

"मॅडम," ब्राइस हळूच म्हणाला, "हे नेहमी असंच असतं का?"

"तू जेव," कॉर्लिस म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने लिहायला घेतलं. खेळाडूचं नाव, रूबेन स्टॅलवर्थ. साक्षीदार, एमॉस बिव्हन्स, भट्टी कामगार. झेनोबिया तिच्या खांद्यावरून चष्म्यातून एकेक अक्षर बघत होती.

"एवढंच नाही," ती म्हणाली. "पुढं लिही. त्या वेळी रूबेन स्टॅलवर्थच्या पाळीवर. माझ्या वडिलांच्या वाटचा कोळसा तो माणूस ओढत होता. तो नसता तर वडील त्या दिवशी भट्टीपुढे असते, आणि टोला कुठला नि काय कुठलं. लिही तसं."

कॉर्लिसने लिहिलं. मग झेनोबियाने धड्यातल्या सदऱ्याखालच्या ओळीतून 'अकुशल' शब्द काढायला लावला आणि त्या जागी दोन्ही आयांची नावं घालायला लावली, त्यावरूनही कुणाची आई आधी यावर वाद झाला, आणि मासा पार गार झाला. शेवटी कॉर्लिसने पान पाठवलं. चक्र फिरत राहिलं. तळघरात इंटरनेट नेहमीच रडकं. मग पान उघडलं. वर राखाडी सदरा, खाली नावं.

एर्लीनने चष्मा पुसला आणि पुन्हा घातला. ती पुढे वाकली. वडिलांच्या नावाकडे तिचं बोट गेलं आणि काचेपासून तसूभर अलीकडे थांबलं. तिने ते झटकन मागे घेऊन मांडीवर दाबून धरलं.

"नाही लावत गं," ती म्हणाली. "नाहीतर परत जाईल."

"लाव, मम्मा," कॉर्लिस म्हणाली. "आता नाही जायचं."